वकिलातीचा वीजमीटर

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 ज्या कार्यकर्त्याच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी गावाचे वाचनालय उभे केले आणि त्याचा जमाखर्च दर महिन्याला दर्शनी फळ्यावर लावला, असे इथल्या जुन्या मंडळींनी मला सांगितले. कोणी मागितला नसतानाही हिशेब लोकांसमोर ठेवणे ही सार्वजनिक जीवनातली फार मोठी गोष्ट आहे. माझा आजचा विषय वरवर पाहता दूरचा वाटेल, पण तो याच सवयीविषयी आहे.

मी ऊर्जा लेखापरीक्षणाचे काम करतो. कारखाने, रुग्णालये, सरकारी इमारती यांच्याबरोबरच दिल्ली आणि मुंबईतल्या काही परदेशी वकिलाती आणि वाणिज्य दूतावास यांच्या इमारतींतही मला हे काम करायला मिळाले. त्यांची नावे मी घेणार नाही. तिथे काम करताना तसा शब्द दिलेला असतो आणि तो पाळायचा असतो. पण तिथे जे दिसले त्यातून एक प्रश्न मनात घर करून राहिला. हवामानबदलावर जगभर बोलणी करणारी ही कार्यालये स्वतःचा रोजचा कारभार कसा चालवतात आणि तो पर्यावरणाला कमीत कमी तोशीस देणारा कसा करता येईल?

कोणी म्हणेल, एवढ्या मोठ्या जगात वकिलाती किती आणि त्यांची वीज किती? हा आक्षेप रास्त आहे. एखाद्या मध्यम सिमेंट कारखान्यापुढे एका वकिलातीचे वीजबिल किरकोळ ठरेल. तरीही हा विषय मला महत्त्वाचा वाटतो. २०१५ च्या पॅरिस करारामागे राजनैतिक अधिकाऱ्यांची वर्षानुवर्षांची मेहनत आहे. २०२१ साली ग्लासगोच्या हवामान परिषदेत भारताने पर्यावरणपूरक जीवनशैलीची कल्पना जगापुढे मांडली, २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले आणि २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये केवडिया येथे त्या जीवनशैलीच्या प्रसारासाठी ‘मिशन लाइफ’ची सुरुवात झाली. हे सारे दुसऱ्या देशांना पटवून द्यायचे काम वकिलातींकडे आहे. ज्याने दुसऱ्याला सांगायचे त्याचे स्वतःचे घर नीट असले पाहिजे, ही अपेक्षा साधी आहे आणि ती सर्वच देशांकडून आहे.

दुसरे कारण अधिक खोलवरचे आहे, आणि माझ्या मते साऱ्या विषयाची किल्ली तिथेच आहे. १९६१ साली व्हिएन्ना येथे राजनैतिक संबंधांविषयीचा करार झाला. आज जगातले जवळजवळ सर्व देश त्याने बांधलेले आहेत आणि आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने त्याला बळ दिले आहे. या कराराचे कलम २२ सांगते की वकिलातीची जागा अनुल्लंघनीय आहे. वकिलातीच्या प्रमुखाच्या संमतीशिवाय यजमान देशाचा कोणताही अधिकारी आत पाऊल टाकू शकत नाही. पोलीस नाही, पालिकेचा स्वच्छता निरीक्षक नाही आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचा माणूसही नाही. त्याच वेळी कलम ४१ म्हणते की विशेषाधिकार भोगणाऱ्या प्रत्येकाने यजमान देशाचे कायदे आणि नियम पाळले पाहिजेत. म्हणजे कायदा आहे, तो पाळण्याचे कर्तव्यही आहे, फक्त तो पाळला जातो की नाही हे पाहायला कोणी आत येणार नाही.

याचा व्यवहारातला अर्थ पाहा. घनकचरा नियमांप्रमाणे दिवसाला शंभर किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या आस्थापनेने ओला-सुका कचरा वेगळा करायचा आणि ओल्या कचऱ्याची शक्यतो जागेवरच विल्हेवाट लावायची. एखाद्या हॉटेलने हे केले नाही तर पालिकेची नोटीस येते, दंड होतो. वकिलातीच्या बाबतीत फार तर परराष्ट्र मंत्रालयामार्फत एक नम्र पत्र जाते. हे विशेषाधिकार योग्य कारणांसाठी दिलेले आहेत आणि ते असलेच पाहिजेत. त्यांच्यावाचून दोन देशांना निर्धास्तपणे बोलता येणार नाही. पण जिथे निरीक्षक जाऊ शकत नाही, तिथे शिस्त आतूनच यावी लागते. म्हणून वकिलातीचा हरित कारभार हा आधी नीतीचा प्रश्न आहे, तंत्रज्ञान त्याच्यामागून येते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू.

वकिलातीत परीक्षणाला जायचे म्हणजे फाटकावर मोबाइल जमा करायचा, उपकरणांची यादी आधीच मंजूर करून घ्यायची आणि दिवसभर सोबतीला एक सुरक्षारक्षक ठेवायचा. आत गेल्यावर पहिले काम ठरलेले असते. मुख्य वीजपॅनलवर विजेचा भार नोंदवणारा लोड लॉगर लावायचा आणि आठवडाभर दर पंधरा मिनिटांची नोंद घ्यायची. या नोंदींचा आलेख डोळ्यांपुढे आला की इमारत बोलायला लागते. सकाळी नऊला भार चढतो, दुपारी तीनच्या सुमारास शिखर गाठतो, सहानंतर उतरतो. पण किती उतरतो? एका कार्यालयात रात्री दोन वाजता भार दुपारच्या जवळजवळ निम्मा होता. इमारतीत तेव्हा पहारेकऱ्यांखेरीज कोणीही नव्हते.

मग तिथल्या इलेक्ट्रिशियनला आणि सुरक्षारक्षकाला घेऊन आम्ही रात्री इमारत फिरलो. व्हिसासाठी येणाऱ्यांच्या रिकाम्या दालनात वातानुकूलनाचा मोठा पंखा सुरू होता. कधीतरी एका उशिराच्या कामासाठी त्याचा टायमर बायपास केला होता आणि तो तसाच राहिला होता. सर्व्हरच्या खोलीत अठरा अंश तापमान होते. तशा यंत्रांना सत्तावीस अंशांपर्यंत काही बाधत नाही, असे या क्षेत्रातली मान्य मानके सांगतात. प्रत्येक मजल्यावरच्या पँट्रीत गीझर तापत होता. गरम-गार पाणी देणारी यंत्रे रात्रभर पाणी तापवत होती आणि शेजारीच तेच पाणी गारही करत होती. दर्शनी भिंतीवरचे शोभेचे दिवे पहाटेपर्यंत जळत होते.

कुंपणावरचे दिवे, कॅमेरे आणि गोपनीय संपर्कयंत्रणा यांना आम्ही हात लावत नाही. सुरक्षेशी वाद घालायचा नाही, हा या कामाचा पहिला नियम आहे. पण सुरक्षेच्या नावाखाली जे उगाच चालू राहते ते वेगळे काढता येते. समजा, रात्रीच्या दहा तासांत चाळीस किलोवॅटचा असा अनावश्यक भार आहे. रोजची चारशे युनिट झाली. वर्षाला एक लाख सेहेचाळीस हजार. आपल्या देशात एक युनिट वीज तयार होताना सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे वर्षाला शंभर टनांहून अधिक. तो थांबवायला सौर पॅनल लागत नाही, नवी इमारत लागत नाही. रात्री दोन वाजता मीटर पाहणारा माणूस लागतो.

दिल्लीच्या उन्हाळ्यात वकिलातीच्या विजेचा मोठा वाटा वातानुकूलन खाते. आपल्या ऊर्जा दक्षता ब्युरोच्या अंदाजाने तापमान एक अंशाने वर ठेवले की त्या यंत्राची सुमारे सहा टक्के वीज वाचते. १ जानेवारी २०२० पासून देशात विकल्या जाणाऱ्या खोलीच्या एसीत चोवीस अंश हे आपोआप येणारे तापमान ठेवणे बंधनकारक झाले. राजनैतिक कार्यालयांत मात्र एक वेगळी अडचण आहे, ती पोशाखाची. मे महिन्यात बेचाळीस अंशांच्या उन्हात कोट-टाय घातलेला अधिकारी आत आला की त्याला एकवीस अंश हवे असतात. त्याच खोलीतली टंकलेखिका मात्र खांद्यावर शाल घेऊन बसलेली असते.

यावर उपाय ज्यांनी केला त्यांची उदाहरणे डोळ्यांपुढे आहेत. जपानने २००५ च्या उन्हाळ्यात ‘कूल बिझ’ मोहीम सुरू केली. सरकारी कार्यालयांत तापमान अठ्ठावीस अंश ठेवायचे, टाय आणि जाकीट घालायचे नाही. शिष्टाचार कडक पाळणाऱ्या त्या देशात पंतप्रधान स्वतः टायविना लोकांपुढे आले, म्हणून ती मोहीम रुजली. २००८ च्या ऑगस्टमध्ये संयुक्त राष्ट्रांनी न्यूयॉर्कच्या मुख्यालयात तापमान सुमारे बावीस अंशांवरून पंचवीसवर नेले आणि प्रतिनिधींना हलके कपडे घालण्याची मोकळीक दिली. आपल्या हवेत तर सुती सदरा आणि खादीचा बंडी कोट शतकभर प्रतिष्ठेने वावरला आहे. उन्हाळ्यातल्या बैठकीच्या निमंत्रणपत्रिकेवर ‘पोशाख: हलका, सुती’ एवढे छापले तरी चिलरवरचा, म्हणजे इमारत गार करणाऱ्या यंत्रावरचा, भार उतरतो. हे छापण्याचा अधिकार राजदूताकडे असतो आणि त्याला एक पैसाही खर्च येत नाही.

वातानुकूलनाविषयी आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती बहुतेक हिशेबांतून निसटते. एसीतला वायू खर्च होत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. त्यामुळे देखभालीच्या बिलात दरवर्षी ‘गॅस भरला’ अशी नोंद असेल, तर तो वायू कुठेतरी गळतो आहे. आर-४१०ए हा अनेक यंत्रांतला वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दोन हजार पट तापमानवाढ करतो. असा दहा किलो वायू गळला की वीस टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे होते, म्हणजे तीसेक हजार युनिट वीज जाळल्याइतके. २०१६ साली एका आंतरराष्ट्रीय करारात किगाली येथे झालेल्या दुरुस्तीने जगातल्या देशांनी हे वायू टप्प्याटप्प्याने कमी करायचे मान्य केले. ती दुरुस्ती घडवून आणणाऱ्या देशांच्या वकिलातींच्या गच्चीवर तोच वायू गळत असेल, तर सांधा दुरुस्त करायला किती खर्च येतो? एका दिवसाच्या मजुरीइतका.

एका ठिकाणी अशी गळती आम्हाला कशी सापडली तेही सांगितले पाहिजे. त्या कार्यालयाच्या संगणकात फक्त बिले होती. पण तिथला इलेक्ट्रिशियन स्वतःची एक वही ठेवत असे. जाड पुठ्ठ्याची, रेघारेघांची वही. कोणत्या यंत्रात कोणत्या तारखेला किती वायू भरला, कोणत्या पंपाचे बेअरिंग बदलले, जनरेटर किती तास चालला, सारे तिच्यात होते. पूर्वेकडच्या गच्चीवरच्या एकाच यंत्राची नोंद दर उन्हाळ्यात येत होती. पाने उलटली आणि दहा मिनिटांत दुखणे कळले.

वकिलातीत राजनैतिक अधिकारी साधारण तीन वर्षांनी बदलतो. उत्साही राजदूत येतो, झाडे लावतो, एक हरित समिती नेमतो, आणि समितीला सूर सापडेपर्यंत त्याची बदली होते. मागे राहतात ते स्थानिक कर्मचारी. इलेक्ट्रिशियन, माळी, चालक, स्वयंपाकी, भांडारपाल. यातले अनेक जण पंचवीस-तीस वर्षे त्याच इमारतीत असतात. इमारतीची स्मृती त्यांच्याकडे आहे. पण हरित समितीच्या बैठकीत त्यांना बहुधा खुर्ची नसते, चहा आणायला मात्र बोलावतात. ही व्यवस्था उलटी झाली पाहिजे. समितीचा प्रमुख कोणीही असो, तिचा सचिव स्थानिक कर्मचाऱ्यांतला असावा, त्याच्या कामाच्या तासांत हे काम धरले जावे आणि बचतीचे श्रेय त्याच्या सेवापुस्तकात लिहिले जावे. एवढे झाले तर राजदूत बदलला तरी काम चालू राहील.

इमारतींविषयी थोडक्यात बोलतो. हवामान ओळखून बांधण्याची परंपरा वकिलातींना नवी नाही. दिल्लीतल्या शांतिपथावरची अमेरिकेची वकिलात १९५९ साली सुरू झाली. वास्तुकार एडवर्ड ड्युरेल स्टोन यांनी तिच्याभोवती आपल्याकडच्या जाळीचा पडदा घातला, छपराची सावली भिंतींच्या बाहेरपर्यंत आणली आणि मधोमध पाण्याचे अंगण ठेवले. उन्हाला भिंतीपाशी पोचण्याआधीच अडवायचे, हा आपला जुना शहाणपणा एका परक्या देशाने आपल्या राजधानीत वापरला. बर्लिनमध्ये १९९९ साली नॉर्डिक देशांच्या पाच वकिलाती एकाच आवारात, तांब्याच्या एका लांबलचक पट्ट्याच्या आत उभ्या राहिल्या. प्रत्येकाची इमारत स्वतंत्र आहे, पण सभागृह, उपाहारगृह, प्रदर्शनाची जागा सर्वांची मिळून आहे. पाच सभागृहे बांधून ती वर्षातले बहुतेक दिवस रिकामी गार करत बसण्यापेक्षा हे किती शहाणपणाचे! जिनिव्हामध्ये संयुक्त राष्ट्रांच्या जुन्या प्रासादाला आणि आसपासच्या संस्थांना थंडावा देण्यासाठी तिथल्या सरोवराचे गार पाणी नळांतून फिरवतात.

मला त्याहून मोलाचे वाटते ते वॉशिंग्टनमधल्या फिनलंडच्या वकिलातीचे उदाहरण. ती इमारत १९९४ ची. २०१० साली तिला अमेरिकेतल्या हरित इमारतींचे ‘लीड’ मानांकन मिळाले आणि तिथे असे मानांकन मिळवणारी ती पहिली वकिलात ठरली. असलेल्याच इमारतीचा कारभार सुधारून हे झाले. बहुतेक देशांना नवी वकिलात बांधता येणार नाही आणि बांधूही नये, कारण सिमेंट आणि पोलाद बनवतानाच प्रचंड कार्बन खर्च होतो. आहे ती इमारत नीट चालवणे हेच बहुतेकांचे काम आहे.

त्यात एक खरी अडचण आहे. अनेक वकिलाती भाड्याच्या जागेत असतात. नवा चिलर बसवायचा तर पैसे घरमालकाने घालायचे आणि बिल कमी होणार भाडेकरूचे. मालक म्हणतो, मला काय त्याचे? वकिलात म्हणते, तीन वर्षांचा करार, आम्ही कशाला घालू? शिवाय सरकारी अंदाजपत्रकात भांडवली खर्चाचा रकाना वेगळा आणि वीजबिलाचा वेगळा. बिलात वाचलेले पैसे दुसऱ्या रकान्यात नेता येत नाहीत, त्यामुळे बचत करणाऱ्याच्या हाती काहीच राहत नाही. यावर उपाय परराष्ट्र मंत्रालयांच्या मुख्यालयातच व्हायला हवा. वाचलेल्या बिलाचा काही भाग त्याच कार्यालयाला पुढच्या सुधारणेसाठी वापरता यावा आणि भाडेकरारातच ऊर्जाबचतीचे कलम असावे. हे दोन बदल झाले तर प्रत्येक वकिलातीत काम आपोआप उभे राहील.

श्रोतेहो, आतापर्यंत मी भिंतींच्या आतले बोललो. पण वकिलातीच्या उत्सर्जनाचा मोठा हिस्सा भिंतींबाहेर आहे, तो म्हणजे प्रवास. विमानात बिझनेस क्लासची जागा साध्या जागेच्या जवळजवळ तिप्पट कार्बन खर्च करते, कारण तेवढ्या जागेत आणखी माणसे बसू शकली असती. दोन तासांच्या बैठकीसाठी शिष्टमंडळातले किती जण जातात, याचा विचार जाणाऱ्यांनीच करायचा आहे. समोरासमोर बसल्याशिवाय सुटत नाहीत असे प्रश्न असतात, त्यांसाठी जरूर जावे. पण पूर्वतयारीची बैठक, आढावा, सादरीकरण यांसाठी पडद्यावरची भेट पुरते, हे करोनाच्या काळात साऱ्या जगाने पाहिले.

आणि ज्याचा हिशेब कोणीच धरत नाही तो प्रवास म्हणजे अर्जदारांचा. नांदेडचा विद्यार्थी व्हिसाच्या बोटांच्या ठशांसाठी मुंबईला येतो, पाच मिनिटांत ठसे देतो आणि परत जातो. येण्याजाण्याचे हजार किलोमीटरहून अधिक अंतर, एक रात्र, घरच्यांपैकी एकजण सोबत, लॉजचे भाडे. असे हजारो जण रोज देशभर फिरतात. वकिलातीच्या कोणत्याही अहवालात हा कार्बन दिसत नाही, पण तो वकिलातीच्या नियमांमुळेच होतो. इथे चांगली उदाहरणेही आपल्याच देशात आहेत. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये भारताने ई-व्हिसाकडे पाऊल टाकले आणि लाखो पर्यटकांच्या वकिलातीपर्यंतच्या खेपा वाचल्या. जानेवारी २०१७ पासून टपाल कार्यालयांत पासपोर्ट सेवा केंद्रे सुरू झाली. आज अनेक जिल्ह्यांतल्या माणसाला पासपोर्टसाठी मोठ्या शहराची वाट धरावी लागत नाही. हे सारे नागरिकांच्या सोयीसाठी झाले, पण पर्यावरणाचा फायदा त्यासोबत आपोआप आला. मला तर वाटते, कार्यालयाने लोकांकडे जाणे हा वकिलातीचा सर्वांत मोठा हरित उपक्रम ठरू शकेल. परदेशांतल्या आपल्या दूतावासांनी दूरच्या गावांत भरवलेली सेवा शिबिरे हेच काम करतात. आखाती देशातल्या मजुराचा तर त्यामुळे दिवसाचा रोजही वाचतो.

कागद, कचरा आणि जेवण यांविषयी दोन शब्द. गोपनीय कागद नष्ट करावे लागतात हे खरे, पण ते जाळण्याऐवजी बारीक कातरून त्यांचा लगदा करता येतो. मेजवान्यांत प्लास्टिकच्या बाटल्यांऐवजी काचेचे जग ठेवता येतात. आपल्या देशात १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आहे, आणि कलम ४१ प्रमाणे ती पाळणे प्रत्येक वकिलातीचे कर्तव्य आहे. जेवणाच्या बाबतीत भारताने एक सुंदर वाट दाखवली. आपल्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष पाळले आणि जगभरच्या आपल्या वकिलातींत ज्वारी, बाजरी, नाचणीचे पदार्थ पानात आले. कोरडवाहू जमिनीवर वाढणारी सोलापूरकडची मालदांडी ज्वारी परदेशी पाहुण्याच्या पानात गेली, तर आपला शेतकरी आणि पाणी दोहोंचा सन्मान होतो. मात्र ते वर्ष संपले म्हणून नाचणी पानातून उतरू नये.

दिल्लीच्या हिवाळ्यातली हवा आपण सर्व जाणतो. तिथे डिझेल जनरेटर हा नाजूक विषय आहे. प्रदूषण वाढले की टप्प्याटप्प्याने निर्बंध लागू होतात आणि जनरेटरवरही बंधने येतात. वकिलातीच्या आवारातला जनरेटर तपासायला कोणी येणार नाही. एक लिटर डिझेल जळले की अडीच किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि धूर जातो तो शेजारच्या झोपडीतल्या मुलाच्या छातीत. छपरावर सौर पॅनल, सोबत बॅटरी आणि अत्यावश्यक भारांची वेगळी वायरिंग केली, तर जनरेटर बहुतेक काळ गप्प राहू शकतो.

हवेचा विषय निघाला म्हणून आता मुद्द्याच्या गाभ्याशी येतो.

२००८ साली बीजिंगमधल्या अमेरिकी वकिलातीने आपल्या आवारात हवेतले सूक्ष्म कण मोजणारे यंत्र बसवले आणि दर तासाचा आकडा ट्विटरवर जाहीर करायला सुरुवात केली. चीनचे सरकारी आकडे वेगळे काही सांगत होते. २०१२ च्या जूनमध्ये चीनच्या पर्यावरण उपमंत्र्यांनी परदेशी वकिलातींनी असे आकडे प्रसिद्ध करणे व्हिएन्ना कराराच्या विरुद्ध आहे, अशी तक्रार जाहीरपणे केली. पण तोवर लोकांना आकडे पाहायची सवय लागली होती. त्याच वर्षी चीनने सूक्ष्म कणांचा समावेश आपल्या मानकांत केला आणि पुढे शहराशहरांत यंत्रे बसवली. दिल्ली आणि मुंबईतही अमेरिकी कार्यालयांच्या यंत्रांचे आकडे वर्षानुवर्षे सर्वांना पाहता येत होते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की ज्या शहरांत असे आकडे जाहीर होऊ लागले तिथे सूक्ष्म कणांचे प्रमाण घनमीटरमागे दोन ते चार मायक्रोग्रॅमने कमी झाले. यंत्राने हवा स्वच्छ केली नाही. आकडा लोकांसमोर आला, म्हणून राज्यकर्त्यांना हालचाल करावी लागली. २०२५ च्या मार्चमध्ये अमेरिकेने निधीच्या कारणाने हे आकडे देणे थांबवले. मला त्याचे मनापासून वाईट वाटते.

या कथेतून मी जो निष्कर्ष काढतो तो वकिलातींनी स्वतःला लावून पाहावा. यजमान देशाची हवा मोजून तिचा आकडा जाहीर केल्याने एवढा फरक पडतो, तर वकिलातीने स्वतःची वीज, स्वतःचे डिझेल, स्वतःचा कचरा आणि स्वतःचा विमानप्रवास मोजून तो आकडा जाहीर केला तर किती पडेल! इथे कोणी व्हिएन्ना कराराकडे बोट दाखवू शकणार नाही, कारण हिशेब आपलाच असेल. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था गेल्या दीड दशकापासून आपल्या उत्सर्जनाचे आकडे दरवर्षी प्रसिद्ध करत आहेत. वकिलातींनी ते करू नये असे कोणतेही कारण मला दिसत नाही. वीजबिलाच्या वार्षिक एकूण आकड्यातून कोणतेही गुपित बाहेर जात नाही.

म्हणून माझी मागणी थोडकी आहे. प्रत्येक वकिलातीने वर्षातून एकदा, आपल्या राष्ट्रीय दिनाच्या सुमारास, चार आकडे संकेतस्थळावर ठेवावेत: वर्षाची वीज, वर्षाचे डिझेल, वर्षाचा विमानप्रवास आणि कचऱ्यापैकी किती खतात किंवा पुनर्वापरात गेला. सोबत मागच्या वर्षाचे आकडे ठेवावेत. एवढेच. मानांकने, समारंभ, फलक नंतर येऊ देत. हे चार आकडे ठेवायचे ठरवले की रात्री दोन वाजता मीटर कोणीतरी पाहू लागेल, गळणारा सांधा कोणीतरी दुरुस्त करेल आणि इलेक्ट्रिशियनची वही कपाटातून टेबलावर येईल.

ही सुरुवात भारताने करावी अशी माझी तीव्र इच्छा आहे. जीवनशैली बदलण्याची कल्पना आपण जगापुढे मांडली, तेव्हा पहिला हिशेबही आपल्या दूतावासांनीच मांडावा. त्यात आपलाही वाटा आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे अमेरिकेत, युरोपात, आखातात आहेत. तिथले आपले दूतावास नागरिकांच्या भेटीचे खुले दिवस ठेवतात. तिथे लोक पासपोर्टचे, मृत्यूच्या दाखल्याचे प्रश्न घेऊन जातात आणि ते जायलाच हवे. त्याच दिवशी आपल्या मुलांनी उभे राहून आणखी एक प्रश्न विचारावा: आपल्या या कार्यालयाचे वर्षाचे वीजबिल किती युनिटांचे आणि गेल्या वर्षीपेक्षा ते कमी झाले का? प्रश्न विचारणाऱ्याने नाव सांगावे, नम्रपणे विचारावे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारावे. परकीय सत्तेचा निरीक्षक त्या दारातून आत जाऊ शकत नाही. पण दूतावास ज्या देशाचा आहे त्याचा नागरिक आपल्याच कार्यालयात ताठ मानेने जाऊ शकतो आणि उत्तर मागू शकतो. हा हक्क आपण वापरावा, एवढी विनंती करून मी थांबतो.